बरी झालेली कंबर

आखडलेला खांदा घेऊन मी तंजावरच्या एका फिजिओथेरपी सेंटरमध्ये जायचो. तिथं एक म्हातारे गृहस्थ रोज शेजारी बसत. डिग्री तेवढी नव्हती, बाकी सगळ्यांचं निदान तेच करत. कुणी लंगडत आलं की "सायटिका!" माझा हात पाहून म्हणाले, "फ्रोझन शोल्डर. रेंज ऑफ मोशन गेली तुमची, हात वर जायचा नाही." इतक्या आनंदानं वाईट बातमी मला कुणी दिली नव्हती.

एके सकाळी आम्हा तंजावरी मराठी लोकांतल्याच थेरपिस्ट बाई त्यांना म्हणाल्या, "कंबर बरी झाली, सार. उद्यापासून येऊ नका."

त्यांचा चेहरा पडला. "अस्सं कसं, अम्मा? घरी 'कुठं दुखतं' म्हणून मला कोण पुसतं?"

बाईंनी वाकून आजोबांचा गुडघा दाबला. "इथं दुखतं?"

"भयंकर," ते खुशीत म्हणाले.