भिंतीवरचा बैल

माझी मुलगी मागच्या महिन्यात गेली. ती डोळ्यांनी पाहत होती, त्या दिवसांतलं थोडं लिहून ठेवतो आहे.

मी तेव्हा मंगरूळपीरजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर होतो. पोरीला पाचवं वर्ष लागलं होतं. तिला रंगांचं वेड. विकतचा रंग गावात मिळत नसे, म्हणून आम्ही घरातलेच रंग करत असू. हळद कालवली की पिवळा. तीत चिमूटभर चुना टाकला की लाल. कपड्यांची नीळ, दिव्याचं काजळ. पळसाची फुलं भिजवली की केशरी पाणी. कडुनिंबाची काडी चावून तिचा कुंचला व्हायचा, नाहीतर काडीला कापूस गुंडाळायचा. अर्धा कांदा रंगात बुडवून भिंतीवर दाबला की कड्यांवर कड्या उमटत.

"शेणानं सारवलेली भिंत हाय, पाटी नाही," तिची आई म्हणायची. पण चित्र पुसून काढत नसे.

चैत्रात तिला देवी आल्या. घरात फोडणी बंद झाली, दाराला निंबाचे डहाळे लागले. देवी अंगात असेपर्यंत लेकराला नावानं हाक मारायची नाही, 'माय' म्हणायचं, आणि ते मागेल ते द्यायचं. मागणं देवीचं असतं. मी औषधाचं बोललो, तर बायको हात जोडून म्हणाली, "घरात देवी हाय. तिले कोपवू नका."

दोन्ही डोळे सुजून मिटले होते. तशात पोरीनं रंग मागितला. नाही म्हणायची सोय नव्हती. मी वाट्या भरून खाटेजवळ ठेवल्या. तिनं बोट बुडवलं आणि चाचपडत भिंतीवर ओढलं.

देवीला पाणी घालायला आलेल्या शेजारच्या म्हातारीनं ते पाहिलं. "मास्तर, देवीनं आपल्या हातानं भिंतीवर पाय काढले की हो!"

"पाय नाही," पोरगी सुजल्या ओठांनी म्हणाली, "माया बैल हाय."

"हो माय, तुयाच बैल," म्हणत म्हातारीनं त्यावर हळदकुंकू वाहिलं. मग गल्लीतल्या बाया आल्या. जी ती मूठभर कुंकू लावून पाया पडे. बैल त्याखाली बुजून गेला.

"बाबा, शिंगं राह्यले. कुठी काढू?"

मी तिचं बोट धरून कोऱ्या भिंतीवर टेकवलं. "इथं काढ."

मनात मी एकच मागत होतो, डोळे राहू दे. कोणाजवळ मागत होतो, ते मला तेव्हाही ठाऊक नव्हतं.

खपल्या धरल्या. निंबाच्या पाण्यानं तिला न्हाऊ घातलं, देवीची पाठवणी झाली. पापण्या मोकळ्या झाल्या. आतली बुबुळं दह्यासारखी पांढरी होती. बायको तिचे केस पुसत राहिली.

दुपार होती. ऊन उंबरा ओलांडून खाटेपर्यंत आलं होतं. पोरगी भिंतीकडे तोंड करून बसली. "दार उघडा ना, बाबा. बैल दिसून नाही राह्यला."

दार उघडंच होतं. मी उठलो, ते लावलं आणि पुन्हा उघडलं.

"आनखी उघडा," ती म्हणाली.