सिनेटरचा घोडा आणि माझा शिक्का

“खरा घोडा दोन पायांवर उभा राहतो की नाही? हो की नाही, तेवढंच बोला, मिस्टर केळकर!” मेयरनं टेबलावर हात आपटला.

“राहतो. पण क्षणभर. तुमच्या घोड्याला जन्मभर तसंच राहायचंय, आणि त्याच्याखाली शाळेची पोरं फोटो काढणार आहेत.”

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. टेक्सासमधल्या एका लहानशा गावाच्या सिटी हॉलमध्ये आमची जुंपली होती. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. म्हणजे बांधलेली वस्तू उभी राहील का, याचं गणित करायचं आणि ड्रॉइंगवर स्वतःच्या नावाचा शिक्का मारायचा. वस्तू पडली तर कोर्टात शिक्केवाला उभा राहतो, मेयर नाही.

पुतळा होता सिनेटर टकर यांचा. तिथे धड गावही नव्हतं, तेव्हा हा माणूस पेटीभर कायद्याची पुस्तकं घेऊन आला. झाडाखाली वकिली केली, फी म्हणून कोंबड्या घेतल्या. गुरांच्या चोऱ्या आणि कुंपणांची भांडणं मिटवता मिटवता निवडणुकीला उभा राहिला आणि स्टेट सिनेटमध्ये पोचला.

त्याच्यासाठी मेयरनं घोडा स्वस्तात पटकावला होता. दुसऱ्या कुठल्यातरी गावानं एका जनरलसाठी ऑर्डर दिली, मग कॅन्सल केली, आणि घोडा फाउंड्रीतच पडून राहिला. सिनेटर अजून मातीचाच होता. तो ब्रॉन्झमध्ये ओतून वर बसवायचा होता. आधी कळस मग पाया, दुसरं काय! घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत. शेपटी जमिनीला टेकली असती तरी तिसरा आधार झाला असता, पण तीही ऐटीत उडवलेली. घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं.

परतताना गाडीत माझा बॉस बिल म्हणाला, “शिक्का मार आणि मोकळा हो, यार. मेयरला इलेक्शनच्या आधी उद्घाटन हवंय. गावाच्या पाण्याच्या टाकीचं काम त्याच्याच हातात आहे. ते गेलं तर मी तुला ठेवू शकणार नाही.”

तेलाचे भाव गडगडले होते. ऑफिसात दोघांना आधीच नारळ मिळाला होता. घराचे हप्ते चालू होते. खरं सांगतो, माझी पाचावर धारण बसली.

घरी बायकोला, सुधाला, सांगितलं. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, “नोकरी गेली तर दुसरी बघू. पण कुणाच्या लेकराच्या अंगावर घोडा पडला, तर तुम्हाला जेवण गोड लागेल का? अजिबात सही करायची नाही.”

झालं! आता दोन बॉस झाले.

पुढच्या मीटिंगला सिनेटरची पणती मिस क्लारा आली होती. ऐंशीच्या घरातली, काटकुळी, गावची लायब्ररी चालवणारी. मी माझ्या कामापुरतं विचारलं, “मॅडम, सिनेटर घोड्यावर कसे बसायचे? ताठ की पुढे झुकून? वजन कुठे पडतं ते मला काढायचंय.”

“घोड्यावर? ते?” बाई खो खो हसत सुटल्या. “अहो, ते घोड्याला जाम घाबरायचे! खेचरावरून फिरायचे. तेही असलं अडेल, की प्रत्येक फाटकाशी थांबायचं आणि काही केल्या हलायचं नाही. मग बसावं लागायचं त्यांना घरच्यांशी बोलत. कुणाची गाय आजारी, कुणाचं सुनेशी पटत नाही, सगळं ऐकून घ्यायचे. समोरचा उमेदवार घोडा दौडवत निघून गेला, त्याचं तोंडही कुणी नीट पाहिलं नाही. आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, मतं खेचरानं आणली!”

मेयरचा चेहरा उतरला. “हे या खोलीबाहेर जाता कामा नये! खेचराच्या पुतळ्यापुढे भाषण करू का मी?”

“खेचर नको,” मी म्हणालो, “पण घाबरतात तर त्यांना खाली उतरवू या की!”

आणि तिथल्या तिथे काढून दाखवलं. सिनेटर जमिनीवर उभे. एका हातात लगाम, दुसरा हात घोड्याच्या छातीला टेकवलेला. त्या हाताच्या आत जाड स्टीलचा रॉड, तो अंगातून, पायातून थेट काँक्रीटच्या फाउंडेशनमध्ये. वरचं वजन गेलं, खाली आधार मिळाला.

मेयर खूश. मिस क्लारा मात्र चित्राकडे बघत म्हणाल्या, “इतक्या जवळ? ते तर पळूनच गेले असते.”

“नाही जाणार. बोल्ट केलेत.”

गणित नीट बसलं, मी शिक्का मारला. उद्घाटनाला मेयर गरजला, “उधळलेल्या घोड्याला एका हातानं रोखणारा हा आपला शूर पूर्वज!” टाळ्यांचा कडकडाट झाला. मिस क्लारांना खोकल्याची जोरदार उबळ आली. मेयर निवडून आला, टाकीचं काम आम्हाला मिळालं आणि माझी नोकरी वाचली.

पुढच्या वर्षी वादळानं सिटी हॉलचं अख्खं छप्पर उडालं. मी धावत बघायला गेलो. घोडा जागचा हलला नव्हता, पोरं त्याच्या पोटाखाली शिवाशिवी खेळत होती. मेयर पेपरवाल्यांना सांगत होता, ही सगळी सिनेटरच्या मनगटातली ताकद!

इतिहासात थाप खपून जाते, फाउंडेशनमध्ये खपत नाही.