राक्षसाच्या गर्जनेचा मूळ आवाज

आमच्या दाजींइतका आवाजाचा लोभी माणूस अख्ख्या सांगली जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि आमच्या सातारा जिल्ह्यात झाला असता तर त्याला आम्ही मुलगी दिली नसती. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. सांगलीत त्यांचं विहिरीवरच्या जळक्या मोटारी भरून, म्हणजे नवी तार गुंडाळून, द्यायचं दुकान होतं. मोटार नुसती ऐकून ते तिचा रोग सांगायचे, आणि तिथवर सगळं ठीक होतं. पण नव्वदीच्या अखेरीला कुठल्याशा ऑफिसातून मोडीत निघालेला कॉम्प्युटर त्यांनी घरी आणला, आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर त्यात कुणाकडून तरी घालून घेतलं, आणि त्या दिवसापासून त्या घरात कुणालाही निर्धास्तपणे शिंकायची सोय उरली नाही.

त्या सॉफ्टवेअरबरोबर ढोल, तबला, बासरी असे पुष्कळ आवाज फुकट आले होते. दाजींनी ते पहिल्याच दिवशी पुसून टाकले. "दुसऱ्याचं उष्टं आपुन खात न्हाई गड्या," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे कुकरची शिट्टी, कपाटाचं कुरकुरणारं दार, माझ्या आईची शिंक, सगळ्यांची माइकपुढे हजेरी लागली. मी दिवाळीला गेलो तर चहाबरोबर माइकही पुढे आला. "भुरका मारा पावणं. जरा दणकून." मी मारला आणि नापास झालो. सातारकरांच्या भुरक्यात दम नाही असा निकाल देऊन त्यांनी शेजारच्या आण्णांना हाक मारली. शिराळ्याकडचा एक शेतकरी जळकी मोटार घेऊन आला, तर ती भरायची सोडून दाजी त्याला म्हणाले, "येकदा चालू करा की. मरताना लय ग्वाड वरडती." तो बिचारा मोटार उचलून दुसऱ्या दुकानात गेला.

आवाज एकदा हाती लागला की त्याला पुटं द्यायची. वैद्य भस्माला देतात तशी. आधी तो ताणायचा, त्यात घुमारा भरायचा, आणि जे तयार होईल त्यालाच नवा आवाज समजून पुन्हा पकडायचं. मग तो उलटा करायचा आणि पुन्हा पकडायचा. सातव्या पुटाला कुकरची शिट्टी ऐकली तर विहिरीत पडलेली म्हैस भजन म्हणतेय असं वाटायचं. कॉम्प्युटरात जागा बेताची, म्हणून प्रत्येक नवं पुट जुन्यावरच ठेवायचं. मूळ आवाज पुसला जायचा. मी विचारलं, "पण दाजी, मूळ लागलं तर?"

"मूळ घरातच हाय की! कुकर कुठं पळून चाललाय?"

हे उत्तर तेव्हा मलाही बिनतोड वाटलं होतं.

आक्का हे सगळं मुकाट्यानं सोसत होती असं मी म्हणणार नाही. मुकाट्यानं ती काहीच करत नसे. दळणावरून सुरू झालेलं तिचं बोलणं खोळंबलेल्या गिऱ्हाइकांवरून दाजींच्या कुळापर्यंत पोचेतो चांगला अर्धा तास जाई, आणि दाजी माइक धरून म्हणत, "शेवटचं नीट आलं न्हाई, परत बोल."

त्या वर्षी गल्लीच्या गणपती मंडळानं महिषासुरवधाचा हलता देखावा केला. राक्षसाच्या जबड्याची मोटार दाजींची आणि गर्जनाही दाजींची. गर्जना अशी जबरदस्त की जबडा उघडला रे उघडला की पोरं आयांच्या कडेवर चढायची. आता आमच्याकडच्या मंडळांची रीत अशी, की ताडपत्री देणाऱ्यापासून खिळे ठोकणाऱ्यापर्यंत प्रत्येकाचे आभार माइकवरून मानायचे. दाजी प्रामाणिक माणूस. त्यांनी स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहून दिली. पहिल्याच संध्याकाळी राक्षस मेला, मंडपात सगळे चिडीचूप झाले, आणि त्या शांततेत निवेदक म्हणाला, "राक्षसाच्या गर्जनेसाठी मूळ आवाज दिल्याबद्दल मोटारवाल्या वहिनींचे मंडळ शतशः आभारी आहे."

वहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या, गल्लीतल्या सगळ्या बायकांसकट.

दुसऱ्या दिवशी आक्का बॅग घेऊन एस.टी.नं साताऱ्यात हजर झाली. मागोमाग दाजींचा फोन आला. "आवो, मान दिला की तिला! ह्यात माजं चुकलं काय?" आक्का फोनवर आली नाही. विसर्जन झालं, पितृपक्षही संपला, तरी ती सांगलीचं नाव काढेना. आईनं समजावलं, मी समजावलं. "राक्षसाची बायको हाय न्हवं मी? मग राक्षसासंगं बोला," एवढंच ती म्हणाली. ती आता परत जायची नाही, अशी धास्ती आम्हाला वाटू लागली.

मग एका दुपारी दाजीच आले. दाढी वाढलेली, खांद्याला टेपरेकॉर्डरची नेहमीची पिशवी. आक्का आत होती. बाहेरच्या खोलीत ते मला हळूच म्हणाले, "घरात आवाजच न्हाई रं गड्या. म्हनलं कॉम्प्युटरात तरी असंल. सगळं उघडून बघितलं. येकीकडं तिचा राक्षस झालाय, येकीकडं ढोल. तिचं नुसतं 'आवं' हुडकलं, त्ये बी न्हाई ऱ्हायलेलं."

मला हसू आलं होतं. पण त्यांच्याकडे पाहिलं आणि ते जागच्या जागी जिरलं.

आक्कानं दाराआडून सगळं ऐकलं असावं. ती बाहेर आली, त्यांच्या पिशवीतला टेपरेकॉर्डर काढून टेबलावर ठेवला, स्वतः लाल बटण दाबलं आणि म्हणाली, "हं. घ्या आता. काय पायजे त्ये घ्या." मग समोरच्या खुर्चीत बसली. कॅसेट फिरू लागली. अर्धा अर्धा तास न थांबता बोलणारी माझी बहीण, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. ओठ हलायचे, डोळे भरून यायचे. दाजी मान खाली घालून बसले होते. मी मध्ये एकदा खोकलो, तेवढाच काय तो आवाज. कॅसेटची बाजू संपून बटण खटकन वर आलं, तेव्हा आक्कानं पदरानं नाक पुसलं. "आवं, जेवून निघू," म्हणाली आणि बॅग भरायला आत गेली.

दाजींचा लोभ त्यानंतरही सुटला नाही. माझ्या मुलीचं पहिलं रडणंसुद्धा त्यांनी सात पुटं देऊन वाया घालवलं. पण मागे एकदा सांगलीला गेलो असताना मला एक गाणं भरून घ्यायचं होतं. फळीवर एक कॅसेट दिसली, लावून पाहिली तर नुसती खरखर आणि कुणाचा तरी खोकला. कोरीच आहे, ही घेतो, असं म्हणालो, तर दाजींनी ती माझ्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतली.

"कोरी न्हाई ती," ते म्हणाले. "ही समोर बसलीय त्यात."

आतून आक्का दळणावरून बोलत होती. मी गाणं भरून घ्यायचा विचार सोडून दिला.