मामूंच्या आधीचं पांढरं पाणी

तळं पांढरं झालेलं मी आधी लॅपटॉपवर पाहिलं आणि मग डोळ्यांनी. चौसाळ्याच्या अलीकडे आत वळलं की माझ्या काकांचं गाव लागतं. गावाखाली सिंचनाचा तलाव आहे, पण सगळे त्याला तळंच म्हणतात. दर पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास एक उपग्रह त्याच्यावरून जातो आणि त्याचे फोटो कुणालाही फुकट मिळतात. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी बीडला घरी बसून ते साठवत होते. एप्रिलमधल्या एका फोटोत नेहमीचं काळपट हिरवं पाणी नव्हतं. त्या जागी पाणी घातलेल्या दुधासारखा, जरा निळसर डाग होता.

कारण मला पुस्तकातून माहीत होतं. उन्हाळ्यात पाणी तापतं, शेवाळ वाढतं, ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि विरघळलेला चुना बारीक कण होऊन बाहेर पडतो. आमच्याकडच्या पाण्यात चुन्याला काही तोटा नाही. आईच्या हीटरच्या कॉइलवर दर महिन्याला पांढरा थर बसतो आणि ती तो व्हिनेगरने काढते. त्यातलंच थोडं व्हिनेगर बाटलीत घेऊन मी उपग्रहाच्या पुढच्या फेरीच्या दिवशी स्कूटीवर तळ्यावर गेले.

काठावर मामू जाळं दुरुस्त करत बसले होते. ते बीडचे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी माशांसाठी तळं ठेक्याने घेतलं होतं, आणि तेव्हापासून सगळं गाव त्यांना मामूच म्हणतं.

"काय शोधायलीस बेटा? सोनं सापडलं तर अर्धं माझं."

मी हसले फक्त. बाभळीखाली काका आणि गावातली चार-पाच माणसं बसली होती, आणि चारचौघांत माझा आवाज निघत नाही. लहानपणी प्रत्येक लग्नात काका मला मध्ये उभं करून "जरा इंग्लिश बोलून दाखव" म्हणायचे. तेव्हापासून मी गप्प राहायला शिकले.

मी बरणीत पाणी भरलं, फिल्टरच्या कागदातून गाळलं आणि कागदावर उरलेल्या पांढऱ्या साक्यावर व्हिनेगरचे थेंब टाकले. फेस आला. बघायला सगळे जवळ आले होते.

"काय हाय ते?" काकांनी विचारलं.

"चुना," मी म्हणाले.

बोलल्या बोलल्या माझ्या लक्षात आलं. तळ्याशेजारी मामूंनी माशांची पिल्लं वाढवायला एक खड्डा केला होता. त्या खड्ड्यात ते चुना टाकत, सगळेच मासेवाले टाकतात. चुन्याच्या त्या पोत्यांवरून गावात आधीच कुजबुज होती की ह्यानंच तळं नासवलं. काकांच्या मेव्हण्याला तळं हवं होतं, हेही सगळ्यांना माहीत होतं.

"आयका," काका म्हणाले. "चुना हाय म्हणती. आमची पोरगी शिकलेली हाय, उगं न्हाई बोलणार."

"अहो, एवढं तळं पांढरं करायला किती ट्रक चुना लागंल?" मामू म्हणाले.

"आणला असशील बे, तुझा काय भरोसा," मागून एकजण म्हणाला.

"पण तो आपोआप..." मी म्हणाले. कुणी ऐकलं नाही. मामूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि जाळं गुंडाळायला घेतलं. ठेका रद्द करायचा ठराव सोमवारच्या ग्रामसभेत येणार, असं तिथेच ठरलं.

घरी बाबा म्हणाले, "तू कशाला पडतेस त्यात? तो तुझा काका आहे." पण त्यात मला काकांनीच ओढलं होतं, माझा एक शब्द घेऊन. मी मामू यायच्या आधीच्या पाच उन्हाळ्यांचे फोटो उतरवून घेतले. एका वर्षी तळं आटलेलं होतं. बाकी चारही वर्षी, उन्हं कडक झाली की, तोच दुधट डाग. आटलेल्या वर्षाचा फोटोही मी घेतला. तो लपवला असता तर माझ्यात आणि काकांच्यात फरक राहिला नसता.

सोमवारी काका उभे राहून म्हणाले, "आमच्या पुतणीनंच तपासलंय."

मी उठले. "चुना आहे," मी म्हणाले. "मामूंचा नाही." आणि पाचही फोटो टेबलावर मांडले. "हे सगळे मामू यायच्या आधीचे. तारखा खाली आहेत."

मागे बसलेले एक म्हातारे गुराखी म्हणाले, "उन्हाळ्यात व्हतंय की असं. लई वर्षांपासून."

"मग आधी कावून बोलला न्हाईत?" काका त्यांच्याकडे वळले.

"मला कुणी इचारलं?"

लोक हसले. काका हसले नाहीत. "कागद कुणीबी छापतंय," ते म्हणाले. "उद्या खोटं निघालं तर कोण बघणार? खाली नाव लिही. पूर्ण लिही."

त्यांना वाटलं मी बसेन. मलाही क्षणभर वाटलं. शाळेपासून माझी सही इंग्रजीत, आणि तीही वाचता येणार नाही अशी. मी ग्रामसेवकांचा पेन घेतला आणि पहिल्या फोटोखाली मराठीत स्वच्छ अक्षरात लिहिलं. माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव. आडनाव काकांचंही तेच. ग्रामसेवकांनी कागद आपल्याकडे फिरवून वाचला आणि समोरच्या वहीत लिहिलेल्या ठरावावर आडवी रेघ मारली.

मामू दारात उभे होते. त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. तोवर मी दुसऱ्या आणि तिसऱ्या फोटोखालीही तसंच नाव लिहिलं होतं.

"झालं समाधान?" काकांनी विचारलं.

"अजून दोन सह्या राहिल्यात," मी म्हणाले आणि चौथा फोटो पुढे ओढला.