शेंदराखालचं गलबत

मालतीबाई गेल्याचं कळलं ते शेजाऱ्यांच्या फोनवर. माजिवड्याला आमच्या घरी अजून फोन आलेला नाही, त्यामुळे लग्नाची काय नि मरणाची काय, आमची बातमी आधी शेजारी ऐकतात. बाईंचा भाचा बोलत होता, "मावशी पहाटे झोपेतच गेली." मी "बरं" म्हणालो. बरं काय, कप्पाळ! रिसीव्हर खाली ठेवला आणि मनात पहिला विचार आला, आता भांडायचं कुणाशी? आषाढात त्या गेल्या. तेव्हापासून आमचं अर्धवट राहिलेलं भांडण घेऊन मी घरभर येरझारा घालतोय. बायको म्हणते, बसा की जरा. बसवत नाही.

कल्याणच्या शाळेत त्या इतिहास शिकवायच्या, मी चित्रकला. उल्हास नदीची जिथे खाडी होते, त्या जुन्या बंदराच्या काठावर दहा-बारा वर्षांपूर्वी नुसता राडारोडा आणि बाभळी होत्या. तिथे झाडांच्या सावलीतली एक लांब वाट व्हावी, बंदराचा इतिहास चालता चालता लोकांना कळावा, असं बाईंच्या डोक्यात बसलं. मग काय, दर रविवारी आम्हा चार-पाच मास्तरांची वरात काठावर. पालिकेच्या साहेबांच्या कचेरीत खेटे घालून चपला झिजल्या. एक साहेब म्हणाले, "बाई, बाग हवी तर कारंजं मागा, घसरगुंडी मागा. इतिहास कशाला?" बाई म्हणाल्या, "कारंजं बंद पडतं हो." शेवटी मंजुरी मिळाली, पण एका अटीवर. काठावर कोळीवाड्याची जाळी वाळायची, होड्या लागायच्या, तेव्हा त्यांची संमती आणा. कोळीवाड्यातल्या हिराबाईंचा शब्द तिथे चालायचा. त्या म्हणाल्या, "वाट करा, झाडा लावा. पन आमच्या होऱ्या लागतात तिथं भित घालू नका." ठरलं.

आणि मग तो दगड... बंदरावर शेंदराने माखलेला कमरेएवढा एक दगड होता, कोळीवाड्याचा देव. एका रविवारी त्याच्या शेंदराचा पोपडा सुटलेला दिसला आणि आत कोरीव रेघ. बाईंना धीर कुठला! रॉकेल आलं, काथ्याचा ब्रश आला. शेंदराची खपली पडत गेली आणि आतून एक गलबत निघालं. वल्ह्यांची रांग, डोलकाठी, आणि पुढच्या टोकाला, नाळेवर, हात उगारून उभा असलेला माणूस. वीरगळ! या बंदरात लढताना पडलेल्या कुणाची तरी आठवण. बाईंनी माझा हात गच्च धरला. "पाहिलंत? पुस्तकात नाही ते इथे आहे!" पन्नाशीची बाई अक्षरशः नाचत होती.

तेवढ्यात जाळी उचलायला हिराबाई आल्या. दगड पाहून म्हणाल्या, "बाय, देवाला उघडा केलाव? न् कवच कुठं हाय?"

कवच म्हणजे ती शेंदराची खपली. देवाने आपणहून ते टाकलं, तर होडीतून नेऊन वाजतगाजत भर खाडीत सोडायचं, हा त्यांचा रिवाज. आम्ही शिकल्यासवरलेल्यांनी ते घमेल्यात भरून राडारोड्यावर फेकून दिलं होतं.

संमती गेली. कोळीवाडा बोलेना, साहेब फाईल उघडेना. समितीत कुणी म्हणालं, दगड उचलून संग्रहालयात द्या. मीही तेच म्हणालो, आणि आजही म्हणेन. बाई मात्र पदर खोचून त्या ढिगाऱ्यात शिरल्या आणि शेंदराचे तुकडे वेचून हिराबाईंकडे घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी आम्हाला सांगितलं, "नारळी पुनवेला ते देवाला पुन्हा शेंदूर लावणार आहेत. मी हो म्हटलंय."

भर रस्त्यात आमची जुंपली. "इतिहास शिकवता तुम्ही, आणि पुरावा स्वतःच्या हाताने पुसता?"

"पुसत नाही हो, झाकतेय. शेंदूर नसता तर हा दगड कधीच कुणाच्या तरी घराची पायरी झाला असता. आपण आलो काल-परवा. तो सांभाळला कुणी?"

"मग वाटेवर लोकांना दाखवणार काय?"

"वाट तर होऊ दे आधी."

त्या नारळी पुनवेला मी गेलो नाही. नंतरही कधी गेलो नाही. कोळीवाड्याची संमती परत आली, वाट झाली, करंज आणि बकुळ वाढले, होड्यांपाशी भिंत आली नाही, लोक सकाळ-संध्याकाळ फिरू लागले. सगळं चांगलं झालं. पण दर भेटीत मी विषय काढायचो आणि बाई म्हणायच्या, "तुमचं आपलं घोडं तिथेच!" देवावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणून तर मला ते जास्त लागायचं. त्या गलबताची रेघ न् रेघ मला पाठ आहे. ते डोळे भरून पाहिलेल्यांत एक माणूस कमी झालं, या विचाराने जीव थाऱ्यावर राहत नाही.

परवाच्या नारळी पुनवेला मात्र पाय आपोआप कल्याणला वळले. बंदरावर गर्दी होती, बायका हिरव्या लुगड्यांत नटून आलेल्या. हिराबाई आता वाकल्यात. मी ओळख दिली, बाई गेल्याचं सांगितलं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग तेलात शेंदूर कालवलेली वाटी माझ्यापुढे केली. मी घाईघाईने म्हणालो, "अहो, मी मानत नाही."

"बाय तरी कुठं मानायची? नमस्कार नाय केलान कदी. पन दर पुनवेला यायची. मी लावाची, ती वाटी धरून उभी रवाची." वाटी तशीच माझ्यापुढे धरून त्या म्हणाल्या, "आता कोन धरील?"

मला हे कधी सांगितलं नाही बाईंनी. एवढ्या वर्षांत एकदाही नाही... हिराबाईंनी बोट बुडवलं आणि दगडाकडे वळल्या. मी वाटी धरली. तेलाने ती निसटत होती, म्हणून दोन्ही हातांनी धरली.