अल्पाकाची गोधडी

"मॅडम, ही लोकर नाही. अल्पाका आहे," असं तिसऱ्यांदा सांगून सबनीसांनी पोतं माझ्या कटिंग टेबलावर उपडं केलं. टेबलावर एका रिसॉर्टचा फाटका तंबू पसरला होता. त्यावर आता तपकिरी केसांचा ढीग झाला. केसांत गवताच्या काड्या होत्या आणि वास गोठ्याचा होता.

अल्पाका हा लांब मानेचा, उंटाच्या गोतावळ्यातला प्राणी. सबनीसांच्या मेव्हणीने परदेशात असे सहा पाळलेत. त्यांचे कातरलेले केस तिने पाठवले होते. त्यातून सबनीसांना त्यांच्या मुलीसाठी ट्रेकचं पांघरूण करून हवं होतं.

मी सव्वीस वर्षं एका स्लीपिंग बॅगच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल पाहिलं. निवृत्त झाल्यावर काशीदला ही शेड घातली. किनाऱ्यावरच्या कॅम्पवाल्यांचे तंबू शिवून देते, चेन बदलून देते. पांघरूण मला नवीन नव्हतं. अल्पाका होता.

"विकतची बॅग का घेत नाही?" मी विचारलं.

"इराला पिसांची ॲलर्जी आहे. आणि सिंथेटिक म्हणजे प्लास्टिकच. मी सगळे व्हिडिओ पाहिलेत. घरी करायला एकदम सोपं आहे."

"मग घरी का नाही केलंत?"

"केस मशीनमध्ये अडकले," ते म्हणाले.

इरा सोळा वर्षांची. वीस दिवसांनी ती हिमाचलात बर्फावर चार रात्री तंबूत झोपणार होती, उणे आठ-दहा अंशांत. तिथे पांघरूण फसलं तर रात्री दोन वाजता दुकान उघडं नसतं. मी हे सबनीसांना सांगितलं. ते म्हणाले, "डोंट वरी, अल्पाका अँडीज पर्वतात राहतो." अल्पाका राहतो हो, पण त्याला कोणी शिवलेलं नसतं.

इथे थोडं समजावून सांगते. पांघरुणात ऊब नसते. ऊब आपल्या अंगाची. पांघरुणातल्या बारीक बारीक पोकळ्यांत हवा अडकते आणि ती ही ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणून पांघरूण फुगलेलं हवं. या फुगवट्याला आमच्या धंद्यात लॉफ्ट म्हणतात. मेंढीची लोकर कुरळी, ती आपोआप फुगते. अल्पाकाचा केस उबदार खरा, पण गुळगुळीत. तो बसतो, घसरतो आणि सगळा कोपऱ्यात जाऊन गोळा होतो. त्यामुळे त्यात थोडी मेंढीची लोकर मिसळायची, दोन पातळ कापडांत तो थर धरायचा आणि लांब लांब, मोजकेच टाके घालायचे.

आधी धुणं. कोमट पाण्यात नुसतं बुडवायचं. चोळलं की केस एकमेकांत गुंततात आणि जाड घोंगडं होऊन बसतं. मग वाळवणं. डिसेंबर असूनही पाच दिवस लागले, कारण समुद्रावरच्या हवेत डब्यातलं मीठसुद्धा ओलं असतं. सबनीसांचा रोज फोन.

"ड्रायर लावा ना."

"नाही."

"व्हिडिओत लावतात, मॅडम."

"मग व्हिडिओवाल्यांकडे पाठवा."

त्यांनी पाठवलं नाही. माझं नशीब एवढं चांगलं कुठलं.

ओळखीच्या गादीवाल्याकडून सगळं पिंजून आणलं आणि नेमकं तेव्हा मला भाचीच्या लग्नाला पुण्याला जावं लागलं. काम सुनंदाताईंवर सोपवलं. सुनंदाताई माझ्याकडे शिवणाला असतात, आतल्या भातशेतीच्या गावातून येतात. त्यांच्या हातची गोधडी पाहिलीत तर टाका कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे सापडत नाही. निघताना मी त्यांना म्हटलं, "ताई, नीट शिवा." बस, एवढंच.

तीन दिवसांनी परत आले. टेबलावर गोधडी होती.

अतिशय देखणी गोधडी. चारी बाजूंनी आत आत जाणाऱ्या ओळी, बोटभर अंतरावर, एकही वाकडी नाही. मी हात ठेवला. पापड. सगळी हवा त्या टाक्यांनी चेपून टाकली होती.

"ताई, हे काय केलंत?"

"नीट शिवली," सुनंदाताई म्हणाल्या. "आत काय सरकाया नको ना. तीन दिस मान वर केली न्हाय मी."

"उसवावी लागेल."

त्यांनी गोधडी स्वतःकडे ओढली. "माज्या हातची गोधडी आजवर कुनी उसवली न्हाय. फाटली, पन उसवली न्हाय."

मला त्यांचा राग आला होता आणि त्याहून जास्त स्वतःचा. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या अर्धवट सूचनांवर लाल शेरे मारले आणि स्वतः काय सांगून गेले, तर नीट शिवा!

दुसऱ्या दिवशी सबनीस इराला घेऊन हजर. ट्रेकला आठ दिवस उरलेले. गोधडी पाहून ते हरखले. "वा! काय ट्रॅडिशनल काम आहे. इरा, फोटो काढ."

"हे न्यायचं नाही," मी म्हटलं. "यात ती गारठेल."

"मॅडम, शंभर टक्के अल्पाका आहे."

"शंभर टक्के सपाट आहे. मेंढीची लोकरही आहे त्यात."

"ॲडजस्ट होईल. जरा सवय व्हायला हवी मुलांना."

यावर बोलण्यात अर्थ नव्हता. काशीदला थंडी म्हणजे सकाळी पंखा एकवर ठेवणं. तिथे उणे तापमानाची टेस्ट कशी घ्यायची? मी सगळ्यांना गाडीत घातलं आणि मुरूडजवळच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यात नेलं. होड्यांना लागणाऱ्या बर्फाच्या लाद्या तिथे एका खोलीत रचून ठेवतात. कारखाना सांभाळणारे हरेशभाऊ ओळखीचे.

"ताई, इथं मासली झोपते," ते म्हणाले. "मानसं न्हाय."

"वीस मिनिटं फक्त, भाऊ."

खोलीत थर्मामीटर उणे तीन दाखवत होता. हिमाचलापेक्षा बराच सौम्य. खाली फोमची मॅट टाकली. इरा स्वेटर आणि टोपी घालून गोधडीत शिरली. मी घड्याळ लावलं. सबनीस दारात, उन्हात उभे राहून तिला "दीर्घ श्वास घे" वगैरे सांगत होते. सुनंदाताई माझ्या शेजारी, पदर कानाभोवती घट्ट.

पाच मिनिटं इरा हसत होती. दहाव्या मिनिटाला तिने गुडघे पोटाशी घेतले. बाराव्या मिनिटाला ती म्हणाली, "बाबा, थंडी वाजतेय."

"दोन मिनिटं, बेटा. अंग गरम व्हायला वेळ लागतो."

"बाबा, तुम्ही या ना आत."

सबनीस उन्हातच राहिले. जागचे हललेही नाहीत.

मी पुढे व्हायच्या आत सुनंदाताई गेल्या. त्यांनी इराचा हात धरून पाहिला, तिला उठवलं आणि आपल्या अंगाशी धरून बाहेर उन्हात आणलं. मग परत आत जाऊन गोधडी घेऊन आल्या. कारखान्याच्या पायरीवर बसल्या आणि कमरेच्या पिशवीतून छोटी कात्री काढली.

"पोरीची बोटं बर्फ झाल्यात," एवढंच म्हणाल्या आणि पहिली ओळ उसवायला लागल्या. तीन दिवसांचं काम. सबनीस गाडीतून पाण्याची बाटली आणायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

मी आणि सुनंदाताईंनी मिळून चार दिवसांत ते पुन्हा केलं. थर मोकळा केला. गादीला घालतात तसे सुटे टाके, वीत वीत अंतरावर, गाठ सैल. सुनंदाताईंना ते बघवत नव्हतं. "लोक म्हनतील अर्ध्यात सोडून दिली," त्या पुटपुटत होत्या.

पुन्हा बर्फाची खोली. वीस मिनिटं झाली, तीस झाली. आतून इराचा आवाज आला, "काकू, माझा फोन देता का? बोअर होतंय." थंडी वाजणाऱ्या माणसाला कंटाळा येत नाही. मी टेस्ट पास केली.

ट्रेकहून परत आल्यावर इराने मला मेसेज पाठवला. पांघरूण जड होतं, पाठीवर वाहताना तिने आम्हा सगळ्यांना शिव्या दिल्या, पण चारही रात्री झोप लागली. शेवटच्या रात्री तंबूतली एक मुलगी भाड्याच्या बॅगेत कुडकुडत रडत होती. इराने तिला आपल्या पांघरुणात घेतलं. दोघी सकाळपर्यंत झोपल्या.

मी तो मेसेज सुनंदाताईंना वाचून दाखवला. वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्या म्हणाल्या, "दोगींना पुरली? मंग मापात चुकलाव आपन. कापड जास्ती गेलं."

पक्क्या कारागिराला सूचना लागत नाहीत, असं आम्ही व्यवसायात शिकतो. ते चूक. कच्च्या कारागिराला काय करायचं ते लिहून द्यावं लागतं. पक्क्याला कुठे थांबायचं ते. आता माझ्या प्रत्येक जॉब कार्डावर लाल पेनने टाक्यांतलं अंतर लिहिलेलं असतं. सुनंदाताई ते नीट वाचतात, मान डोलावतात आणि मधे एक ओळ जास्तीची घालतात. मी पाठ फिरवायची त्या वाटच बघत असतात. त्या घरी गेल्या की ती ओळ मी उसवते.