खोडलेलं नाक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. देवापुढं हात जोडतानाही हा विषय टाळूनच पुढं जायचो — त्याला काय, ठाऊक असेलच, असं म्हणून. आता पेन्सिल धरली की हात कापतो. ज्या हातानं ते केलं तो हात निकामी व्हायला आला, तेव्हा निदान तोंडानं तरी बोलावं. तुम्ही नुसतं ऐका. मध्ये थांबलो, तर थांबू द्या.

आधी जरा इकडचं तिकडचं सांगतो. थेट मुद्द्यावर यायची छाती असती, तर इतकी वर्षं गेली असती का?

मी मूळचा इंदापूरचा. मुंबईला जाऊन चित्रकला शिकलो आणि बारामतीत येऊन स्वतःचा वर्ग काढला. एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. गुळाच्या एका आडत्यानं दुकानावरची माडी दिली. खाली ढेपा, वर आम्ही. पाटी मात्र मी झोकात रंगवली होती — ‘कला महाविद्यालय’. त्यात ‘महा’ म्हणण्यासारखं काही नव्हतं. विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजावेत एवढे. गुळावरच्या माश्या धरल्या, तर मात्र पट भरगच्च.

सत्र दिवाळीनंतर सुरू झालं ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चाललं. आधी रेघा, मग घडा-तांब्या, मग पेरूची डहाळी, मग प्लास्टरचं डोकं आणि सर्वांत शेवटी जिवंत माणूस. मुंबईला हाच क्रम होता, म्हणून बारामतीलाही हाच. ते प्लास्टरचं डोकं मी गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन मुंबईहून आणलं होतं. कुणा परदेशी देवीचं होतं. कपाळातून निघून सरळसोट खाली उतरणारं नाक. खालचे हमाल म्हणायचे, मास्तरांनी मुंबईहून बायको आणली, पण नुसतं मुंडकंच परवडलं. मीही हसायचो. पण खरं सांगू? त्या डोक्याचा मला फार अभिमान होता. मी काहीतरी शिकून आलोय, याचा तेवढाच पुरावा माझ्यापाशी होता.

आणि आमच्यात एक रीत होती, ती तुम्हाला कळायला हवी. मास्तर जवळ आले की विद्यार्थ्यानं उठायचं, आपली जागा द्यायची. मास्तरांनी तिथं बसायचं, रबर घ्यायचं, पेन्सिल घ्यायची आणि चित्रावर ‘हात फिरवायचा’. म्हणजे दुरुस्ती करायची. पोरांना तो आशीर्वाद वाटे. आज मास्तरांचा हात फिरला, असं एकमेकांना सांगत. माझ्याही चित्रांवर माझ्या मास्तरांनी असाच हात फिरवलेला — इतका, की शेवटी त्यातलं माझं काय उरलं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

माझ्या वर्गात महादू होता. सांगवीचा, माळ्याचा मुलगा, वीसेक वर्षांचा. कालव्याच्या पाण्यावर त्यांची वांगी, गवार, मेथी व्हायची. बाजारच्या दिवशी तो भाजीच्या गाडीतून यायचा, एरवी कालव्याच्या कडेनं चालत. घडा काढायला दिला तर इतर पोरं घड्याचा गोल काढायची. हा आधी घड्याला गेलेली चीर काढायचा, आणि मग त्या चिरेभोवती घडा आपोआप उभा राहायचा. मी त्याला रागवायचो. आधी आकार, मग तपशील, हे किती वेळा सांगायचं?

जिवंत माणसाच्या धड्याची वेळ आली तेव्हा कुणी बसायला तयार होईना. चित्र काढलं की आयुष्य कमी होतं, असं तेव्हा लोक मानत. मग महादूनंच आपल्या आईला आणलं.

तिला मी ओळखत होतो. बाजारात भाजी मी तिच्याकडूनच घ्यायचो. बाई सुरेख होती असं कुणी म्हणालं नसतं. नाक बसकं, मुळाशी दबलेलं, शेंड्याला किंचित वर उचललेलं. पण ती हसायला लागली की ओठांच्या आधी ते नाक हसायचं. नाकपुड्या फुलायच्या, वर दोन बारीक सुरकुत्या पडायच्या, आणि मग सगळा चेहरा. मेथीची जुडी घ्यायला गेलेला माणूस त्या हसण्यापायी दोन जुड्या घेऊन यायचा. हे मुद्दाम सांगतोय — मला तिचं नाक माहीत नव्हतं, असं तुम्हाला वाटू नये म्हणून.

बाजार उरकून ती रिकाम्या पाट्या घेऊन माडीवर आली. मांडीवर धाकटी, सोनी, दोनेक वर्षांची. म्हातारपणी झालेलं शेंडेफळ म्हणून लाजत होती. फळीवरची पांढरी बाई आपल्याकडं बघतेय, तिच्यावर काहीतरी टाका, म्हणाली. मी पंचा टाकला. मग ती बसली. सोनी सारखी तिचं नाक मुठीत धरायची, आणि ती तोंड न हलवता, नुसत्या डोळ्यांनी पोरीला दटावायची. दोन बाजार ती अशी येऊन बसली.

दुसऱ्या बाजारी, जाता जाता, तिनं महादूच्या मागं उभं राहून चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिच्या घरी आरसा होता की नव्हता, कोण जाणे. मग तिनं आधी स्वतःच्या नाकाला बोट लावलं, मग कागदावरच्या.

“व्हय,” ती म्हणाली. “ही मीच हाय.”

आणि हसली. नाक आधी.

मीही ते चित्र पाहिलं. आता ऐका — इथंच मी दर वेळी अडखळतो. ते चित्र चांगलं होतं, एवढंच नाही. ती कागदावर बसली होती. अजून ती हसलेली नव्हती, पण आता हसणार, हे त्या नाकाकडं बघून कळत होतं. मुंबईतल्या सगळ्या वर्षांत माझ्या हातून असा एक चेहरा उतरला नव्हता. तेव्हा माझ्या मनात काय आलं? आनंद? माझा विद्यार्थी म्हणून अभिमान? यायला हवा होता. माझ्या पोटात दुखलं. साधं, शेजाऱ्याच्या पोराला पहिला नंबर मिळाला की दुखतं ना, तसं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याजवळ गेलो. तो उठला, जागा दिली. मी बसलो, रबर घेतलं आणि नाक खोडलं.

फळीवरचा पंचा काढलेला होता. मी त्या देवीकडं एकदा बघितलं आणि तिचं नाक महादूच्या आईला लावलं. कपाळातून निघून सरळ खाली. आणि हात चालवता चालवता मी त्याला समजावूनही सांगितलं. तू जमिनीवर बसला होतास, आई पाटावर उंच. खालून पाहिलं की नाक आखूड दिसतं, शेंडा वर गेल्यासारखा वाटतो. ही बघण्याच्या कोनाची चूक, सगळ्यांचीच होते. शास्त्र म्हणून यातला शब्द न् शब्द खरा आहे. फक्त त्या बाईच्या बाबतीत तो खोटा होता, आणि ते मला माहीत होतं.

महादू मान हलवत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर कृतज्ञता होती. हे मला जास्त छळतं.

सत्राच्या शेवटी पुण्याहून एक बडे चित्रकार वर्ग बघायला आले. भिंतीवर लावलेली चित्रं पाहत पाहत महादूच्या चित्रासमोर आले आणि म्हणाले, प्लास्टरवरून केलेलं हे काम स्वच्छ आहे. मी ‘हो’ म्हणालो. महादू शेजारीच उभा होता. जिवंत माणसावरून आहे, एवढं म्हणायला काय लागत होतं? पण मग त्यांनी वळून नीट बघितलं असतं. मी त्यांना पुढच्या चित्राकडं घेऊन गेलो.

त्याच उन्हाळ्यात महादूची आई गेली. चार दिवसांचा ताप. मला कळलं तेव्हा सगळं उरकलेलं होतं. साध्या माणसाचा फोटो तेव्हा सांगवीत कुठला असणार? तिची सगळ्या जगात एकच खूण होती, आणि ती माझ्या माडीवर होती. महादू ती मागायला आला. मी काचेची चौकट करून दिली, मागून जाड पुठ्ठा ठोकला. फार काळजीनं केलं सगळं. लोक म्हणाले, मास्तरांचा जीव आहे पोरावर. जीव होताच हो. तेच तर सांगतोय.

चौकट हातात घेऊन तो जिन्याशी थांबला. म्हणाला, “मास्तर, माझ्या ध्यानात आईचं नाक येगळं येतंय. तुमीच सांगा, कसं व्हतं?”

तो मलाच विचारत होता. तिला दर बाजारी पाहिलेल्या, तिच्याकडून भाजी घेणाऱ्या माणसाला. एक वाक्य पुरलं असतं. चौकटीचे मागचे खिळे उपटायला कितीसा वेळ लागला असता? आणि मी काय म्हणालो? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “महादू, मुलं आईला नेहमी खालूनच बघतात. तशीच ती मनात राहते. चित्रात आहे तेच खरं.”

किती चांगलं वाक्य आहे ना? मलाही तेव्हा चांगलं वाटलं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो खाली वाकून माझ्या पाया पडला आणि चित्र उराशी धरून जिना उतरून गेला.

पुढच्या सत्राला तो आला नाही. माझा डोळाच खोटा, मग रेघा मारून काय करायचं, असं कुणापाशी तरी म्हणाला. वांगी-गवारीला लागला. माझाही वर्ग दोनेक वर्षांत बंद पडला आणि मी इंदापूरला शाळेत ड्रॉइंग मास्तर झालो. देवीचं मुंडकं आडत्याच्या पोरांनी फोडलं. मला वाईट वाटलं नाही.

बऱ्याच वर्षांनी बारामतीला काही कामानं गेलो होतो, तेव्हा सायकल काढून सांगवीला गेलो. का गेलो? बघायला. दुखऱ्या दाताला जीभ जाते, तसं. महादूचं लग्न झालेलं, वडील वारलेले. त्यानं बाजेवर घोंगडं अंथरून बसवलं आणि बायकोला चहा ठेवायला सांगून तो मळ्यातून पेरू आणायला गेला. समोरच्या भिंतीवर ती होती. काचेवर कुंकवाचा टिळा, ताजा हार. उन्हं कलली होती, दारातून उजेड आडवा येऊन काचेवर पडला होता. तुम्ही कधी पेन्सिलीचं काम केलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल — रबरानं शिसं जातं, दाबून मारलेल्या रेघेचा चर कागदात राहतो. महादूचा हात दणकट. त्या आडव्या उजेडात मला तो चर दिसला. देवीच्या नाकाखाली, बारीक, बसकं, शेंड्याला उचललेलं. ते तिथंच होतं. गेलं नव्हतं.

उंबऱ्याशी एक मुलगी येऊन बसली होती, आठ-नऊ वर्षांची, मांडीवर पाटी घेऊन. सोनी. तुमीच आईचं चित्र काढलं का, असं तिनं विचारलं. दादानं काढलं, मी म्हणालो. तिनं भिंतीकडं बघितलं.

“आई लई देखणी व्हती,” ती म्हणाली. “चुलती म्हणती, मी आईवर गेली. पर दादा म्हणतो, चित्रात बघ की, कुठं हाय तसं? मग मी कुणावर गेली, मास्तर?”

ती खाली जमिनीवर होती आणि मी बाजेवर. म्हणजे मी वरून पाहत होतो. आणि वरूनही ते नाक तसंच होतं — मुळाशी दबलेलं, शेंड्याला किंचित उचललेलं. त्याला कुठलाही कोन लागत नव्हता.

माझ्या खिशात पेन्सिल होती, रबर होतं. चौकट भिंतीवरून उतरवायची, मागचा पुठ्ठा काढायचा, माझी रेघ खोडायची आणि त्याच्या चरातून पेन्सिल फिरवायची. महादू पेरू घेऊन येईपर्यंत झालं असतं. पोरीला तिची आई मिळाली असती, आणि त्याला त्याचा डोळा.

मी म्हणालो, “तू वडिलांवर गेलीस.”

तिचा विश्वास बसला. मास्तर खोटं कशाला बोलतील? ती हसली — आणि तिच्याही ओठांच्या आधी नाक हसलं.

तेवढ्यात चहा आला. मी तो प्यायलो, महादूनं दिलेले पेरू पिशवीत घातले आणि अंधार पडायच्या आत निघालो.